हिरमोडाचा अधिकार

समीक्षेच्या परिभाषेत रसभंग आहे, रसाभास आहे, औचित्यभंग आहे, काव्यदोषांची तर सविस्तर वर्गवारी आहे. ‘हिरमोड’ या शब्दाला मात्र तेथे जागा मिळालेली नाही. तो घरगुती शब्द आहे. जत्रेतला पाळणा आपली पाळी येण्याआधीच बंद झाला की मुलाचा हिरमोड होतो. पाहुण्यांसाठी मांडलेला बेत पाहुणेच न आल्याने वाया गेला की घरच्यांचा होतो. कलाकृतीबाबत आपण ‘आवडली नाही’, ‘फसली’, ‘सामान्य वाटली’ असे म्हणून पुढे जातो. या शब्दांत आणि हिरमोडात एक भेद आहे. जे आवडले नाही त्याच्याशी आपले आधीचे काही देणेघेणे असावे लागत नाही. हिरमोड होण्यासाठी मात्र मनाने अगोदर काहीतरी मांडून ठेवलेले असावे लागते. कुणीतरी शब्द दिलेला असावा लागतो आणि आपण तो खरा मानलेला असावा लागतो. म्हणजे हिरमोड ही अपेक्षेची, आणि म्हणून सहभागाची, खूण आहे. या लेखात आम्हाला या साध्या शब्दाची बाजू मांडायची आहे.

त्यासाठी घेतलेले उदाहरण पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, कारण ते व्हिडिओ गेमचे आहे. आम्ही दोघी मराठी साहित्य शिकवतो. एक शिरूरच्या महाविद्यालयात, दुसरी दौंडच्या. आम्ही स्वतः खेळणाऱ्या नव्हेत. त्यासाठी लागणारी चपळाई आमच्या बोटांत नाही आणि ती यावी असा आग्रहही नाही. परंतु आमचे विद्यार्थी ज्या कथांविषयी सर्वांत तळमळीने बोलतात त्या बहुधा या खेळांतल्या असतात, आणि त्या बोलण्यात कौतुकाइतकीच तक्रारही असते. ‘हे पात्र असं वागणार नाही’, ‘एवढं केलं, त्याचं पुढे काहीच झालं नाही’, ‘शेवट उरकून टाकला’. ही वाक्ये ‘एकच प्याला’ किंवा ‘कोसला’ शिकवताना वर्गातून यावीत म्हणून आम्ही वर्षानुवर्षे वाट पाहत आलो आहोत. ती मुलांना येतात, हे महाविद्यालयाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर कळते.

अशा हिरमोडाचे जगभर गाजलेले उदाहरण ‘फेबल’ या खेळाचे. इंग्लंडमधील लायनहेड स्टुडिओजने तयार केलेला आणि मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००४ मध्ये एक्सबॉक्स या यंत्रासाठी प्रकाशित केलेला हा अद्भुतरम्य रोल-प्लेइंग गेम. हा प्रकार ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण द्यायला हवे. अशा खेळात खेळणारा एका पात्राची भूमिका स्वीकारतो, त्या पात्राचे सामर्थ्य, शस्त्रे आणि स्वभाव हळूहळू घडवतो, आणि प्रवास, संभाषणे व लढाया यांतून कथा पुढे नेतो. ‘फेबल’चा नायक खेड्यातला पोर. गावावर दरोडा पडतो, घर उद्ध्वस्त होते, वीरांच्या एका गुरुकुलासारख्या संस्थेत त्याचे शिक्षण होते. पुढे तो जसा वागेल तसे त्याचे रूप पालटत जाते. दुष्कृत्यांनी डोक्यावर शिंगे फुटतात, सत्कृत्यांनी मस्तकाभोवती तेजोवलय उमटते; लढाईतले व्रण अंगावर राहतात, वय वाढते, केस पिकतात. ज्यांनी आजीकडून चित्रगुप्ताच्या वहीच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना ही कल्पना परकी वाटू नये.

या खेळाचे जनक पीटर मॉलिन्यू बोलघेवडे. खेळ घडत असतानाच्या काळात त्यांनी त्याचे जे वर्णन केले त्यात एक गोष्ट अशी होती की, खेळणाऱ्याने ओक वृक्षाचे बी जमिनीत रुजवले तर कालांतराने तेथे झाड वाढलेले त्याला दिसेल. प्रत्यक्ष खेळात ते झाड नव्हते. इतरही बऱ्याच गोष्टी नव्हत्या. प्रकाशनानंतर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २००४ मध्ये, मॉलिन्यूंनी खेळणाऱ्यांची जाहीर माफी मागितली.

आता लक्षात घेण्याजोगी बाब अशी की ‘फेबल’ हा वाईट खेळ ठरला नाही. समीक्षकांनी त्याची स्तुती केली, तो खपलाही भरपूर. २००५ मध्ये त्याची कथा पुढे नेणारी विस्तारित आवृत्ती आली, २००८ आणि २०१० मध्ये पुढचे भाग आले. लायनहेड स्टुडिओज २०१६ मध्ये बंद झाला. तरीही ‘फेबल’चे नाव निघाले की जाणत्यांना आजही ते न उगवलेले झाड आठवते. खेळात चेटूक होते, राक्षस होते, शिंगे फुटणारा नायक होता, आणि माणसांच्या मनात रुतून बसले ते एक साधे झाड. असे का व्हावे?

आम्हाला वाटते, त्या झाडात एक अत्यंत वाङ्मयीन मागणी दडलेली होती. आपण केलेल्या एका लहानशा कृतीची त्या जगाने आठवण ठेवावी, अशी ती मागणी. राक्षस मारणे ही खेळाने नेमून दिलेली कामगिरी. ती कुणीही करील. बी रुजवणे ही मात्र खेळणाऱ्याची स्वतःची, कुणी न सांगता केलेली कृती. तिचे झाड झाले असते तर ‘हे जग मला ओळखते’ असे त्याला म्हणता आले असते. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन समीक्षकाने १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची कल्पना आपल्या अभ्यासक्रमांतून सुपरिचित आहे. थोर कलाकृती हे क्षितिज ओलांडते, प्रसंगी मोडते, आणि वाचकाला नवे क्षितिज देते, असे आपण शिकवतो. म्हणजे अपेक्षाभंग झाला की दोष कलाकृतीचाच, असे सरसकट म्हणता येत नाही. ‘फेबल’बाबत मात्र ते क्षितिज निर्मात्यानेच आखून दिलेले होते, आणि मोडल्यानंतर त्या जागी दुसरे काही दिले गेले नाही. क्षितिज ओलांडणे आणि दिलेला शब्द विसरणे यांतला फरक वाचकाला नेमका कळतो, आणि तो कळण्यासाठी त्याने याउस वाचलेला असावा लागत नाही.

हे सारे इंग्लंड-अमेरिकेतले. आमच्याकडे हे खेळ पोचले ते उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. शिरूर म्हणजे घोडनदी, पुणे-नगर रस्त्यावरचे जुने बाजाराचे गाव, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे अलीकडे वाढलेले. दौंड म्हणजे भीमेच्या काठचे रेल्वेचे जंक्शन. मधला रस्ता न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरतो आणि पाटसमार्गे दौंडला जातो. हंगामात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून रेंगाळत जावे लागते. २००० नंतरच्या दशकात या भागात संगणकावरचा खेळ म्हणजे सायबर कॅफेत ताशी दराने मिळणारा खेळ होता, आणि भारनियमनात तोही अर्ध्यात तुटे. पुढे मोबाइल आले, २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि गावोगावच्या पारांवर मुले माना खाली घालून ‘पब्जी’ खेळू लागली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. टाळेबंदीचे दिवस होते, महाविद्यालये बंद होती, आमचे तास मोबाइलच्या पडद्यावर चालत. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस एका वेगळ्याच खेळाचे नाव मुलांच्या तोंडी येऊ लागले, आणि तो खेळ पुण्यात तयार झालेला होता.

‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा खेळ. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा प्रयत्न केला होता. ती मोहीम यशस्वी झाली नाही. तरीही काम चालू राहिले आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आला. भारतात त्या यंत्राची अधिकृत विक्रीच नव्हती, त्यामुळे भारतीय पुराणकथेवरचा, पुण्यात घडलेला हा खेळ पुणे जिल्ह्यातल्या मुलांना खेळता येण्याआधी परदेशातल्या मुलांनी खेळला. संगणकासाठी तो १५ ऑक्टोबरला आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या गटात त्याला नामांकनही मिळाले.

काटेकोरपणे पाहिले तर ‘राजी’ हा रोल-प्लेइंग गेम नव्हे, ॲक्शन-ॲडव्हेंचर प्रकारातला आहे. पण अद्भुताची भूमी, राक्षसांशी झुंज आणि हळूहळू वाढत जाणारे सामर्थ्य ही सामग्री तीच. राजी ही खेळ करून पोट भरणारी, डोंबाऱ्याच्या पोरीसारखी चपळ मुलगी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर हल्ला करतात आणि तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेतात. त्याला सोडवायला ती निघते. दुर्गेकडून तिला त्रिशूळ मिळतो, विष्णूकडून धनुष्य. महाबलासुर हा तिचा मुख्य शत्रू. सारी कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून आपल्या कानी पडते. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या चित्रांतून उलगडतात. वाटेतल्या भित्तिचित्रांसमोर राजी उभी राहिली की देवादिकांच्या कथा ऐकू येतात. राखी बांधणाऱ्या बहिणीचे भावाने रक्षण करायचे, हा संकेत येथे उलटा केला आहे. आमच्याकडे बहीणभावाचा खरा सण भाऊबीजेचा, तरी त्या उलटण्यातली मौज मुलींना तत्काळ उमगली.

दौंडमध्ये एका विद्यार्थ्याच्या घरी हा खेळ चालू शकेल असा संगणक होता. निर्बंध सैल झाल्यावर त्याच्या घरच्या ओसरीवर आम्ही तो पाहिला. एक खेळतो आणि सहा बघतात, ही आमच्या भागातली रीत. बघणारे गप्प बसत नाहीत. ‘मागून येतोय’, ‘उडी मार’, ‘आधी भिंतीवरचं बघ’ असे चालूच असते. राजस्थानी गढीसारखे ते महाल आणि कोरीव खांब पाहताना एकाला यवतजवळच्या डोंगरावरचे भुलेश्वर आठवले. भुलेश्वरच्या मंदिरातही भिंतीवरची शिल्पे पाहत पुढे सरकावे लागते आणि बरोबरचे कुणी जाणते माणूस कथा सांगत असते. मूर्ती भंगलेल्या आहेत. कथा ऐकणाऱ्याने जुळवायची असते. ‘राजी’च्या निर्मात्यांनी तो अनुभव पडद्यावर आणला, ही त्यांची मोठी कमाई आहे असे आमचे मत आहे.

तक्रारी पुढे आल्या त्या देशोदेशींच्या समीक्षणांतून, आणि त्या बऱ्याच अंशी एकसारख्या होत्या. दृश्यकलेची आणि संगीताची वाखाणणी झाली. पण लढायांत सफाई कमी आहे, सारा खेळ काही तासांतच आटोपतो, आणि कथा ऐन वळणावर अधांतरी थांबते, असे अनेकांनी लिहिले. देव इंग्रजीत बोलतात ही आमच्याकडची अधिकची खंत; पुढे आलेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले, मराठी आले नाहीत. छोट्या संस्थेला, तुटपुंज्या बळावर, याहून अधिक काय करता आले असते हा प्रश्न रास्त आहे. परंतु साधनांची टंचाई हे अपुरेपणाचे कारण असू शकते, अर्थ असू शकत नाही. म्हणून आम्ही त्या तक्रारींतल्या शेवटच्या मुद्द्याकडे, म्हणजे अधांतरी थांबण्याकडे, वळतो.

मुक्त शेवट आणि अपुरा शेवट यांत फरक असतो. वेताळाच्या कथा ‘चांदोबा’मुळे मराठी घराघरांत पोचल्या. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. राजाने बरोबर उत्तर दिले की मौन मोडते आणि प्रेत पुन्हा झाडावर. म्हणजे उत्तर बरोबर, तरी डाव पहिल्यापासून. व्हिडिओ गेमच्या रचनेशी याचे साम्य उघड आहे. ‘वेतालपंचविंशति’च्या अखेरच्या कथेतले नातेसंबंध इतके गुंतागुंतीचे असतात की राजाला उत्तर सापडत नाही, तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यानेच फेरा संपतो. येथे प्रश्न अनुत्तरित आहे, कथा मात्र पुरी झाली आहे. राजाच्या आधीच्या सगळ्या फेऱ्यांना त्या मौनाने अर्थ दिला. ‘राजी’सारख्या खेळात खेळणारा त्या मुलीसाठी शेकडो वेळा उड्या मारतो, शेकडो वेळा हरतो, त्या श्रमांचा हिशेब कथा मिटताना कुणीतरी मांडावा, एवढेच त्याचे मागणे असते. पुढच्या भागाच्या आशेवर थांबलेली कथा तो हिशेब पुढे ढकलते.

हरण्याचा अर्थ हा विषय आमच्या दोन्ही तालुक्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावचा महागणपती अष्टविनायकांपैकी एक. त्याची कथा अशी सांगतात की, त्रिपुरासुराशी लढायला निघालेल्या शंकराला आधी यश आले नाही, कारण निघताना गणपतीचे पूजन राहून गेले होते. ते ध्यानात आल्यावर त्याने गणपतीची आराधना केली आणि मग त्रिपुराचा नाश केला. दौंडहून भीमेपलीकडे गेले की सिद्धटेक. तेथली कथा विष्णूची: मधु आणि कैटभ या दैत्यांशी तो दीर्घकाळ लढला, पण जिंकेना, कारण कळल्यावर त्याने त्या टेकडीवर आराधना केली, त्याला सिद्धी मिळाली, आणि मग दैत्य मारले गेले. ‘राजी’त निवेदन करणारा विष्णू आणि आमच्या नदीपलीकडचा विष्णू एकच, हे मुलांनी आम्हाला सांगितले.

या दोन्ही कथांत देव हरतात, मागे फिरतात आणि पुन्हा लढतात. खेळणाऱ्या मुलांच्या भाषेत सांगायचे तर हा ‘रिट्राय’ झाला. पण पुराणात पहिल्या पराभवाला कारण आहे, त्या कारणाची जाणीव आहे, आणि त्या जाणिवेतून एक स्थळ निर्माण झाले आहे, जेथे आजही लोक जातात. पराभव जगाच्या स्मरणात राहिला. खेळात हरले की जग पूर्ववत होते; राक्षस त्याच जागी, त्याच संख्येने उभे राहतात. शहाणपण आले असेल तर ते बोटांना, कथेला नव्हे. अभिनवगुप्ताने रसास्वादातली जी सात विघ्ने सांगितली त्यांतले पहिले संभावनाविरहाचे, म्हणजे जे दाखवले जाते ते संभवनीय न वाटण्याचे. अद्भुताबाबत हे विघ्न विशेष नाजूक असते. सात डोक्यांचा राक्षस आम्ही बिनतक्रार मान्य करतो, कारण तो त्या जगाच्या नियमांत बसतो. परंतु त्या राक्षसाने गाव जाळले आणि दुसऱ्या दिवशी गावातला दुकानदार काल बोलला तेच वाक्य पुन्हा बोलला, तर ते मान्य होत नाही. टॉल्किननेही परीकथांवरच्या १९३९ च्या व्याख्यानात सांगितले ते हेच: दुय्यम जगावरचा विश्वास टिकतो तोवर आपण त्या जगाच्या आत असतो, अविश्वास उपजला की बाहेर फेकले जातो. ‘फेबल’मधल्या न उगवलेल्या झाडाने आणि अधांतरी थांबलेल्या कथांनी खेळणाऱ्याला असे बाहेर फेकले. हिरमोड म्हणजे बाहेर फेकले गेल्याचे दुःख. जो आत गेलाच नाही, त्याला ते होत नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. खेळणारा पैसे मोजतो, म्हणून कुरकुरतो. ही ग्राहकाची तक्रार झाली, रसिकाची नव्हे. हा आक्षेप चौफुल्यावरून ये-जा करणाऱ्या आम्हाला फारसा पटत नाही. चौफुल्याची कला केंद्रे संगीत बारीसाठी प्रसिद्ध आहेत. तेथे बैठकीला बसलेला माणूस पैसे देतो, आणि फर्माईशही करतो. त्याच्या फर्माईशीने लावण्यांचा क्रम बदलतो, अदा बदलते. दौलतजादा करून निघून जाणारा ग्राहक त्याच बैठकीत असतो आणि एखादी जुनी बैठकीची लावणी पुरती उलगडली नाही म्हणून हळहळणारा जाणकारही तेथेच असतो. दोघांच्या खिशातून गेलेली नोट सारखीच. ग्राहक म्हणतो, माझे पैसे परत द्या. हिरमुसलेला रसिक म्हणतो, ते गाणे असे हवे होते. ‘असे हवे होते’ या तीन शब्दांत कलाकृतीची दुसरी, मनातली आवृत्ती असते, आणि समीक्षेचा आरंभ तेथून होतो असे आम्हाला वाटते.

यातून आमच्या कामापुढे जे उभे राहिले ते आता सांगतो. एका सत्राच्या अंतर्गत परीक्षेत आम्ही दोघींनी आपापल्या वर्गांना एकच प्रश्न घातला: ‘ज्या कलाकृतीने तुमचा हिरमोड केला तिच्याविषयी लिहा.’ बंधन काहीच नव्हते. उत्तरे आली ती चित्रपटांविषयी, मालिकांविषयी, आणि फार मोठ्या संख्येने खेळांविषयी. ज्यांच्या निबंधात एरवी ‘लेखकाने समाजवास्तवाचे प्रभावी चित्रण केले आहे’ याखेरीज वाक्य सापडत नाही, त्या मुलांनी पात्राच्या प्रेरणा, घटनांची कारणसाखळी, निवेदकाची विश्वासार्हता यांविषयी पानेच्या पाने लिहिली. शब्द पारिभाषिक नव्हते, विचार होते. दोन्ही वर्ग मिळून अभ्यासक्रमातल्या एकाही पुस्तकाने कुणाचा हिरमोड केलेला नव्हता.

या एका गोष्टीने आम्हाला अनेक दिवस स्वस्थता लाभू दिली नाही. आमच्या पुस्तकांनी त्यांना निराश केले नाही, कारण त्यांनी त्या पुस्तकांकडून काही मागितलेलेच नव्हते. पुस्तक त्यांच्या हाती येते तेव्हा ते आधीच श्रेष्ठ ठरलेले असते. त्याची वैशिष्ट्ये पाच, मर्यादा दोन, आणि त्या दोन मर्यादाही नोट्समध्ये छापलेल्या. जे आधीच सिद्ध झाले आहे त्याच्याकडून अपेक्षा कसली करायची? व्हिडिओ गेम मुलांना सांगतो की तुझ्या करण्याने येथे काही फरक पडेल; पुष्कळदा तो शब्द खोटा ठरतो. साहित्याचे आमचे वर्ग तो शब्दच देत नाहीत. कोणता व्यवहार अधिक प्रामाणिक, यावर आमच्यात वाद झाला आणि तो मिटलेला नाही. एकीचे म्हणणे असे की खोटा शब्द देण्यापेक्षा न देणे बरे. दुसरीचे असे की शब्दच न दिल्याने वाचक घडण्याची शक्यताच मावळते.

पुढच्या सत्रात आम्ही प्रश्न फिरवून पाहिला. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ शिकवायची होती. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली, म्हणजे तिचे पहिले वाचक दर आठवड्याला पुढच्या भागाची वाट पाहत वाचत होते. आम्ही वर्गालाही ती तशीच हप्त्याहप्त्याने दिली आणि प्रत्येक हप्त्यानंतर एकच विचारले: आता काय व्हायला हवे? मुलांनी यमूसाठी बेत रचले. नवऱ्याबरोबर मुंबईला गेलेली यमू आता सुखाला लागणार असे त्यांनी धरून ठेवले. मग नवऱ्याचा मृत्यू झाला, मग सक्तीचे केशवपन. त्या दिवशी दौंडच्या वर्गात एक मुलगी ताडकन म्हणाली, “मॅडम, हे चालणार नाही. परत मागे जायला पाहिजे.” खेळात मागे जाता येते. कादंबरीत येत नाही, आणि यमूच्या आयुष्यातही येत नव्हते. हा फरक कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या एका वाक्याने वर्गाला अधिक समजला.

तिच्या शेजारची केडगावची. ती म्हणाली, “मग यमू आमच्या गावाला का नाही आली?” केडगाव दौंड तालुक्यातले, चौफुल्याला लागून. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तेथे आहे. शाळेत असल्यापासून तिने ते पाहिलेले. आम्ही तारखा लावून पाहिल्या. केडगावचे काम उभे राहिले ते १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, कादंबरी पुरी झाल्यानंतर. परंतु विधवांसाठी काढलेले शारदा सदन रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलवले. म्हणजे ‘करमणूक’चे अंक पुण्यात छापले जात असताना त्याच शहरात ते दार उघडे होते. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून सदनाच्या सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी अंग काढून घेतले. मग हरिभाऊंनी यमूला त्या दाराशी का नेले नाही? ते दार त्यांना दिसत नव्हते, की दिसत असूनही यमूसारखीला तिथवर जाता येणार नाही हेच त्यांना सांगायचे होते? हे प्रश्न मुलांनी विचारले. एकाही नोट्सच्या वहीत ते नव्हते.

या प्रश्नांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ची थोरवी कमी झाली असे आम्हाला वाटत नाही. हरिभाऊंनी वाचकाचा हिरमोड केला तो जाणूनबुजून. यमू वाचावी असे वाचकाला पुरेपूर वाटू दिले आणि मग तिला वाचवले नाही, म्हणजे वाचकाने आपला राग पुस्तकाबाहेरच्या जगाकडे वळवावा. दिलेला शब्द विसरल्याने होणारा हिरमोड आणि जाणून केलेला हिरमोड, हे दोन्ही एकाच तऱ्हेच्या वाचकाला होतात: ज्याने काहीतरी मागितले होते त्याला. त्यांतला भेद शिकवता येतो. न मागणाऱ्याला मात्र आम्हाला काहीच शिकवता येत नाही. म्हणून आम्ही हिरमोड हा वाचकाचा अधिकार मानतो आणि तो आधी बजावू द्यावा, त्याची शहानिशा मागाहून करावी, असे सुचवतो.

ज्याच्या ओसरीवर आम्ही ‘राजी’ पाहिला तो विद्यार्थी आता पुण्यात संगणकाचे शिक्षण घेतो आहे. मध्यंतरी त्याने एक वही दाखवली. तीत एका खेळाचा आराखडा आहे: वाडा, माजघर, आलवणातली एक मुलगी, पुण्याच्या पेठांचा नकाशा, आणि नकाशाच्या एका कोपऱ्यात शारदा सदन. तिथवर पोचता येते का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “येतं. पण कितीजणांना येऊ द्यायचं, ते अजून ठरत नाही.”